अप्पांच्या १,१८० फाइली: घरची डिजिटल लायब्ररी एआयकडून लावून घेताना

४ मे

वाईहून हार्डडिस्क घेऊन आलो. अप्पांनी (वडील, रिटायर्ड मराठीचे मास्तर, शाळेची लायब्ररी पण वीस वर्षं त्यांच्याकडेच होती) लॉकडाऊनमध्ये घरातली पुस्तकं फोनने स्कॅन करायला घेतली ती अजून चालूच आहेत, त्यात व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफ, कुठून कुठून उतरवलेली पुस्तकं, दिवाळी अंक, सगळं एकाच फोल्डरमध्ये. १,१८० फाइली, ३४ जीबी. नावं अशी: 'स्कॅन ००४७', 'नवीन दस्तऐवज (१२)', आणि एका फाइलचं नाव नुसतंच 'हे बघ'. परवा त्यांना एक कवितासंग्रह हवा होता, अर्धा तास एकेक फाइल उघडून बघितली आणि मग वैतागून कपाटातलं खरं पुस्तक काढलं.

तर करायचंय काय: प्रत्येक फाइलला नीट नाव, लेखक, साल, प्रकाशक. आत शोधता येईल असा मजकूर. सगळं कॅलिब्रेमध्ये (ई-पुस्तकांची लायब्ररी सांभाळणारं सॉफ्टवेअर). आणि पुढे अप्पा जे नवीन स्कॅन करतील ते आपोआप जागच्या जागी लागलं पाहिजे, कारण मी दर महिन्याला हे करत बसणार नाही. बाकी सगळ्यांनी लिहिलेलं वाचलं तर ते इंग्रजी ई-बुकांचं, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) टाका आणि माहिती खेचा. आमच्याकडची निम्मी पुस्तकं आयएसबीएन यायच्या आधीची. म्हणून हे लिहून ठेवतोय.

सामान: आठ वर्षं जुना लॅपटॉप, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, लिनक्स मिंट. नवीन २ टीबीची डिस्क साडेपाच हजारांना. आल्या आल्या पूर्ण कॉपी मारून ती डिस्क कपाटात ठेवली. आजच्या दिवसात एवढं एकच शहाणपणाचं काम झालं, हे नंतर कळलं.

८ मे

एआय असिस्टंटला फोल्डर दाखवायच्या आधी सहज वर-खाली स्क्रोल केलं, बरं झालं. अप्पांचा फोन तो एकच, त्यामुळे स्कॅन ॲपमध्ये जे जे स्कॅन केलं ते सगळं इथेच आलंय: सातबारा, पेन्शनचे कागद, आईचे रक्ताचे रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं. हे सगळं मी कुठल्यातरी सर्व्हरवर पाठवून दिलं असतं. पंधरा पानांपेक्षा कमी असलेल्या सगळ्या फाइली बाजूला काढल्या आणि डोळ्यांनी बघितल्या, दोन संध्याकाळी गेल्या. ९६ खासगी निघाल्या, त्या वेगळ्या. उरल्या १,०८४.

११ मे

तंतोतंत सारख्या फाइली शोधायला एआय लागत नाही. प्रत्येक फाइलचा हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा-आकडा) काढायचा, हॅश सारखा म्हणजे फाइल सारखी. असिस्टंटकडून छोटी पायथन स्क्रिप्ट (म्हणजे छोटा प्रोग्रॅम) लिहून घेतली, वीस मिनिटांत १३७ डुप्लिकेट. ९४७ राहिल्या. एवढ्यावर मला वाटलं की हे काय, पंधरा दिवसांत उरकतं.

१७ मे

पहिला मोठा रन. प्रत्येक फाइलची पहिली दहा पानं चित्रं म्हणून पाठवली आणि सांगितलं, नाव, लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती, किंमत काढून दे. पूर्ण रिझोल्यूशनमध्ये पाठवली हा गाढवपणा, ९०० रुपये एका रात्रीत गेले. पुस्तकाची माहिती पहिल्या चार पानांत असते, फार तर शेवटचं एक पान, आणि चित्र अर्ध्या आकाराचं केलं तरी वाचता येतं.

सकाळी एक्सेलमध्ये बघितलं तर दिसायला एकदम झकास. एकही रकाना रिकामा नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती, कारण अप्पांच्या निम्म्या स्कॅनमध्ये मुखपृष्ठाच्या मागचं पान घ्यायचंच राहिलंय, मग प्रकाशक आला कुठून?

१८ मे

चुकांची यादी करत बसलो, रविवार त्यातच गेला. काही नमुने, कारण तुम्हालाही याच येणार:

'शके १८८०' ला साल १८८० लावलं. शके म्हणजे अधिक ७८, पुस्तक १९५८ चं. अशी ३७ पुस्तकं. पुस्तकात मध्ये पंडित नेहरूंचा पंतप्रधान म्हणून उल्लेख आहे तरी याचं साल १८८०.

'रु. २-८-०' ही किंमत आहे, दोन रुपये आठ आणे. याने ती तारीख समजून २ ऑगस्ट २००० केली. मी हे अप्पांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की आईने फोन घेतला काय झालं म्हणून.

मुद्रकाला प्रकाशक केलं, हे तर ढिगाने. अर्पणपत्रिकेत 'ती. सौ. वहिनींस' असं असेल तर वहिनी सहलेखिका.

आणि सगळ्यात डेंजर: नावं एकत्र करताना कवी अनिल आणि अनिल अवचट एकच माणूस करून टाकले. कवी अनिल म्हणजे आ. रा. देशपांडे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलट कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, जे खरंच एक, ते दोन ठेवले. म्हणजे जोडायचे ते तोडले आणि तोडायचे ते जोडले.

मी खात्रीची टक्केवारी पण मागितली होती. सगळीकडे ९५. वहिनींना पण ९५.

२२ मे

सूचना पुन्हा लिहिल्या. टक्केवारी काढून टाकली, त्याऐवजी पुरावा मागितला: जी माहिती देशील ती कितव्या पानावर आहे आणि तिथली ओळ जशीच्या तशी लिही, दिसत नसेल तर रकाना रिकामा सोड, रिकामा सोडलास तर चूक धरणार नाही. हे शेवटचं वाक्य घातल्यावर खूप फरक पडला, का ते मला माहीत नाही पण पडला. शके, आणे, मुद्रक-प्रकाशक यांचे नियम उदाहरणासकट दिले. आणि साल त्याने काढायचं नाही, छापलेलं जसं आहे तसं फक्त उतरवायचं, ७८ मिळवायचं काम स्क्रिप्टचं. जिथे महिना पौष ते फाल्गुन छापलाय तिथे बहुतेक वेळा ७९, पण तेवढ्यात पडलो नाही, वर्षभराचा फरक चालेल.

टोपणनावांची यादी मीच अप्पांना विचारून केली. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, आरती प्रभू, ग्रेस, अशी चाळीसएक नावं, प्रत्येकापुढे खरं नाव. यादीत नसलेलं कुठलंही नाव दुसऱ्यात मिसळायचं नाही. तीच ९४७ पुस्तकं पुन्हा, छोटी चित्रं, साडेतीनशे रुपये. आता जवळपास एक तृतीयांश रकाने रिकामे आले आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं.

२९ मे

आज वाट लागली. जे झालं ते तसंच लिहितो.

मध्यंतरी अप्पांनी पेन ड्राइव्हवर आणखी स्कॅन पाठवले, जुन्यांमध्येच काही नीट काढलेली पुस्तकं, ती मी थेट कामाच्या फोल्डरमध्ये टाकली आणि बदल्यात खराब स्कॅन काढले. कपाटातल्या डिस्कवर नवीन घ्यायचं राहिलं. मग ठरवलं की आता हॅशने न सापडणारे डुप्लिकेट शोधू, म्हणजे तेच पुस्तक दोनदा स्कॅन केलेलं. यासाठी असिस्टंटला टर्मिनल वापरू दिलं, म्हणजे तो स्वतःच कमांड चालवतो आणि मध्ये मध्ये विचारतो. नाव, लेखक, पानांची संख्या जुळवून त्याने ७४ जोड्या काढल्या आणि विचारलं, कमी दर्जाची प्रत काढून टाकू का? मी जेवत होतो. डाव्या हाताने 'हो' टाईप केलं.

काढून टाकू म्हणजे मला वाटलं बाजूला ठेवेल. त्याने डिलीट केल्या, आणि टर्मिनलमधून डिलीट केलेलं कचऱ्याच्या डब्यात जात नाही. त्याची काही चूक नाही म्हणा, त्याने विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

जोड्यांची यादी नंतर वाचली. अर्ध्याहून जास्त ठिकाणी ती डुप्लिकेट नव्हतीच, वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या, तिसरी आणि पाचवी, पाचवीला नवीन प्रस्तावना. आणि एक ओळ अशी होती, तशीच उतरवतो: 'पानांवर पेन्सिलच्या रेघा व डाग आहेत, दुसरी प्रत स्वच्छ आहे, ही काढावी.' त्या रेघा म्हणजे अप्पांच्या नोट्स. दहावीला कविता शिकवताना समासात लिहिलेले अर्थ, कुठल्या वर्षी कुठल्या पोराने काय विचारलं ते, बारीक अक्षरात. स्वच्छ प्रत कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली.

कपाटातल्या डिस्कवरून ६७ परत आल्या. ७ आल्या नाहीत, कारण त्या पेन ड्राइव्हवाल्या, आणि पेन ड्राइव्ह तोपर्यंत अप्पांनी रिकामा करून भावाच्या मुलाला गाणी भरून दिलेला. पेन्सिलवालं त्या सातातच.

३० मे

अप्पांना फोन केला. सांगायच्या आधी दोन वेळा चहा झाला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तकं आहेत ना कपाटात, काढतो पुन्हा." मग जरा थांबून, "सातच ना?" दोन दिवसांत सातही परत स्कॅन करून पाठवली.

आजपासूनचे नियम. मूळ फाइलींचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता, असिस्टंट ज्या युजरखाली चालतो त्याला तिथे लिहायची परवानगीच नाही. डिलीट ही कमांड त्याच्या यादीत नाही, फार तर 'संशयित' फोल्डरमध्ये कॉपी. आणि आधी काय करणार त्याची यादी, ती मी वाचणार, मग दुसऱ्या दिवशी काम. त्याच दिवशी नाही. जेवताना तर नाहीच.

७ जून

ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर करणं. टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम वापरलाय, ओसीआरमायपीडीएफ मधून, जे तो मजकूर पीडीएफच्या आत घालतं. पहिल्या दिवशी भाषा द्यायला विसरलो, डिफॉल्ट इंग्रजी असते, दोनशे पानांचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा तयार झाला. मराठीची भाषा-फाइल वेगळी इन्स्टॉल करावी लागते. आमच्या लॅपटॉपवर दोनशे पानांना साधारण अठरा मिनिटं, म्हणजे रोज रात्री लावून ठेवायचं तरी महिना जाणार.

पाऊस सुरू झाला आणि लाईट जायला लागली, लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांची. अर्ध्यात बंद पडलं की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एक साधी नोंदवही फाइल केली, जे पुस्तक पूर्ण झालं त्याचा हॅश तिच्यात, पुन्हा चालू झालं की नोंदवहीत असलेलं सोडून पुढे. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, तीन रात्री फुकट.

दर्जा: छापील, सपाट, ३०० डीपीआय असेल तर बऱ्यापैकी. अप्पांचे खिडकीजवळ काढलेले फोटो, बांधणीकडे पान वळलेलं, तिथे 'ख' चा 'रव' होतो, 'ळ' चा काहीही होतो, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईत अनुस्वार म्हणजे कागदावरचा ठिपका की ठिपका म्हणजे अनुस्वार हे देवालाच माहीत. तिरपं पान सरळ करायचा पर्याय चालू केल्यावर पुष्कळ सुधारलं.

१३ जून

वेगळाच प्रकार. साठेक पीडीएफमध्ये मजकूर आधीच आहे म्हणून ओसीआरने त्या सोडून दिल्या, पण शोधलं तर काही सापडत नाही. उघडून कॉपी-पेस्ट केलं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. हे युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड) आधीच्या फॉन्टमधलं काम, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. डोळ्याला मराठी, आत भलतंच.

मी तो मजकूर असिस्टंटला दिला, म्हटलं याचं मराठी कर. त्याने सुंदर, वाहतं मराठी दिलं. पानाशी ताडून बघितलं तर पहिली ओळ बरोबर, पुढचं सगळं त्याने रचलेलं. विषय तोच, शब्द वेगळे. मूळ पान शेजारी नसतं तर मी ते खपवून घेतलं असतं, हे जास्त भीतीदायक.

उपाय सोपा आहे: ओसीआरमायपीडीएफला सांगायचं की आतला मजकूर विसर, पानाचं चित्र कर आणि नव्याने वाच. साठही झाली.

१५ जून

त्याच ओघात ओसीआरच्या चुका असिस्टंटकडून दुरुस्त करून घ्यायचा प्रयत्न. दहा पानांवरच थांबवला. जुन्या पुस्तकांत 'नाहीं', 'त्यांत', 'करणें' असं असतं, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं लेखन, याने सगळे अनुस्वार पुसून आजचं मराठी करून टाकलं. जिथे ओळ वाचता आली नाही तिथे स्वतःची घातली. सांगून बघितलं की फक्त अक्षरं सुधार, शब्द बदलू नको, तरी दर पानाला दोन-चार ठिकाणी शहाणपणा. बंद. शोधण्यापुरता ओसीआरचा कच्चा मजकूर ठेवायचा, वाचायला पानाचं चित्र आहेच. शोधताना 'नाही' टाकलं की 'नाहीं' पण सापडेल एवढी सोय शोधाच्या बाजूला केली, पुस्तकाला हात नाही.

२१ जून

शोधाचाच आणखी एक घोळ, दोन दिवस डोकं खाल्लं. 'कऱ्हाड' शोधलं तर ४ पुस्तकं, खात्रीने जास्त आहेत. दुसऱ्या कीबोर्डवरून 'कर्‍हाड' टाकलं तर वेगळी ९. दिसायला दोन्ही सेम टू सेम. एकात नुक्तावाला ऱ आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. तसंच 'ॲ' आणि 'अॅ', एक अख्खं अक्षर, दुसरं अ अधिक चंद्र. यूनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एक करणं) चालवलं तरी हे दोन्ही एक होत नाहीत, आपणच आपला तक्ता करून बदलावे लागतात. असिस्टंटने ठासून सांगितलं होतं की नॉर्मलायझेशनने होईल. त्याला प्रत्येक अक्षराचा कोड छापून दाखवल्यावर "तुमचं बरोबर आहे" म्हणाला. तक्ता मात्र मग त्यानेच पाच मिनिटांत करून दिला, चांगला.

आणखी एक छोटं: लांब नावाच्या काही फाइलींचं नाव बदलेचना. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. जुन्या चरित्रांची नावं 'अर्थात' वरून पुढे चालूच राहतात, तिथे हे संपतं. नाव छोटं केलं, पूर्ण नाव कॅलिब्रेच्या आत.

२८ जून

वाईला गेलो होतो. प्रकाशक आणि साल नसलेल्या पुस्तकांची यादी छापून नेली, म्हटलं अप्पांना आठवतील तेवढी भरून घेऊ. अप्पांनी चष्मा लावला, दोन पानं बघितली आणि म्हणाले, "अरे, मग रजिस्टर बघ ना."

कसलं रजिस्टर? तर घरातल्या पुस्तकांचं दाखल रजिस्टर. शाळेत जसं ठेवायचे तसं घरीही ठेवलंय, १९७१ पासून, तीन लाँगबुकं, लाल सुती कापडाची पाठ. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, किंमत, कुठून घेतलं, आणि शेवटी शेरा. १,४८६ नोंदी. दोन महिने मी मशीनला विचारतोय की हे पुस्तक कुठलं आणि उत्तर माळ्यावर ट्रंकेत होतं.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे, तू म्हणालास कॉम्प्युटर करतोय."

आणि पुढचं ऐका. प्रत्येक पुस्तकात दाखल क्रमांक दोन ठिकाणी लिहिलेला आहे, पहिल्या पानावर आणि १७ व्या पानाच्या तळाला, निळ्या शाईत, बारीक. लायब्ररीत ही जुनी पद्धत, ठरलेल्या एका आतल्या पानावर पण खूण करायची, पुस्तक चोरून कुणी पहिलं पान फाडलं तरी ओळखता यावं. अप्पांनी ती घरच्या पुस्तकांना पण लावली. स्कॅनमध्ये मुखपृष्ठ राहिलं असेल, मागचं पान राहिलं असेल, पण १७ वं पान राहिलेलं नाही.

२ जुलै

सगळा बेत उलटा केला. पुस्तक कुठलं हे असिस्टंटला विचारायचंच नाही. त्याला दोनच कामं: रजिस्टरची पानं वाचून तक्ता करायचा, आणि प्रत्येक पुस्तकाच्या १७ व्या पानाच्या तळाचा तुकडा बघून फक्त आकडा सांगायचा. जुळवाजुळव साधी स्क्रिप्ट करेल.

रजिस्टरचे फोटो १०४. हस्ताक्षर मास्तरांचं त्यामुळे सुवाच्य, तरी ५ आणि ६ मध्ये गडबड, १ आणि ९ मध्ये जास्त. पण दाखल क्रमांक ओळीने वाढत जातात ना, त्यामुळे मधला एखादा चुकला तर लगेच दिसतो. किमतीला हा आधार नाही, किमती मी फार मनावर घेतल्या नाहीत. जिथे वरच्या ओळीसारखंच म्हणून अप्पांनी दोन छोट्या रेघा ओढल्यात तिथे त्याने अकरा हा आकडा घातला. 'प्रकाशक: ११.' हसावं की रडावं. नियमात टाकलं.

१७ वं पान शोधणंही सरळ नाही, फाइलीतलं सतरावं चित्र म्हणजे छापील १७ नव्हे, आणि फोनच्या एका फोटोत दोन पानं. पाचव्यापासून विसाव्या चित्रापर्यंत प्रत्येकाच्या तळाची पट्टी कापून एकत्र एका चित्रात लावली आणि विचारलं, यात निळ्या शाईचा आकडा कुठे आहे. एका पुस्तकाला एकच चित्र, खर्च नगण्य.

९ जुलै

आकडे. ९४७ पैकी दिवाळी अंक ८८, बाहेरून आलेल्या पीडीएफ ३४७, अप्पांचे स्वतःचे स्कॅन ५१२. त्या ५१२ मधली ४३८ आपोआप जुळली, रजिस्टरमधलं नाव आणि ओसीआरमधलं नाव दोन्ही ताडून. ५३ मी हाताने जुळवली. २१ अडकलीत, पुस्तकाला कसर लागून कोपराच गेलाय असं बऱ्याच ठिकाणी.

बाहेरून आलेल्या ३४७ ना मात्र २२ मेची पद्धतच, पुरावा नाही तर रिकामं. ते रिकामे रकाने मी भरत बसणार नाही, अप्पांचा जीव त्यांच्या पुस्तकांत आहे. (हे वाचून कुणी लिंक मागू नका. पुस्तकं घरच्या वापराला आहेत, आणि आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, यातली बरीचशी त्यात बसतात.)

१६ जुलै

दिवाळी अंक. इथे पुस्तकाचं नाव महत्त्वाचं नाही, आत कुणाची कथा कुठल्या पानावर आहे ते हवं. अनुक्रमणिका वाचायला दिली. दोन कॉलम, डावीकडे लेखाचं नाव, टिंबांची ओळ, लेखक, पान. एका लांब शीर्षकाची ओळ दोन ओळींवर मोडली की तिथून खाली सगळे लेखक एक घर सरकतात, आणि पन्नास लेखकांच्या कथा दुसऱ्यांच्या नावावर जातात. बघून कळत नाही, सगळं भरलेलं दिसतं.

तीन गोष्टी केल्या. कॉलम कापून वेगवेगळे पाठवले. पानांचे आकडे चढते आहेत का हे स्क्रिप्टने तपासलं. आणि प्रत्येक अंकातल्या तीन लेखांसाठी त्या पानावर खरंच जाऊन वर कुणाचं नाव छापलंय ते वाचून ताडलं, तीनपैकी एक जरी चुकलं तरी अख्खा अंक 'संशयित' मध्ये. ८८ पैकी १९ तिथे गेले. त्यातले सहा असे की अनुक्रमणिकाच चुकीची छापलीय, मशीनचा दोष नाही.

२६ जुलै

रोजचं आपोआप. वाईला अप्पांच्या फोनवरून 'आलेले' नावाच्या फोल्डरमध्ये स्कॅन येतात, रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) उठतो: हॅश, ओसीआर, १७ वं पान, रजिस्टरशी जुळवणी, कॅलिब्रेमध्ये भर, सकाळी मला एक चिठ्ठी. हाताने चालवलं तर चालतं, रात्री चालत नाही. पहिल्या दिवशी कारण सापडलं, ओसीआरमायपीडीएफ माझ्या होम फोल्डरमध्ये इन्स्टॉल आहे आणि क्रॉनला तो रस्ता माहीत नाही, पूर्ण पत्ता दिला. तरी पुढचे तीन दिवस शेवटची पायरी पडतच नव्हती. असिस्टंटने मला परवानग्या, लॉक फाइली, डेटाबेस दुरुस्ती असं काय काय करायला लावलं. शेवटी लॉगमधली (प्रोग्रॅम आपली कामं आणि चुका लिहितो ती फाइल) ओळ स्वतः नीट वाचली: दुसरं कॅलिब्रे चालू आहे. मी रात्री झोपताना कॅलिब्रेची खिडकी उघडीच ठेवत होतो. खिडकी उघडी असेल तर कमांडवालं कॅलिब्रे कामाला नकार देतं. झालं. आता स्क्रिप्ट आधी बघते की खिडकी उघडी आहे का, आणि असेल तर चिठ्ठीत मला शिव्या देते (शिव्या मीच लिहिल्यात).

३ ऑगस्ट

आतापर्यंतचा एआयचा खर्च १,९२० रुपये, त्यात पहिल्या रात्रीचे ९०० वाया. डिस्क धरून साडेसात हजारांच्या आत. वेळ मोजत नाही, बायकोने मोजलाय.

आठवड्यात अप्पांचे ११ स्कॅन आले, ९ आपोआप लागले. एक रजिस्टरमध्येच नव्हतं, अप्पा म्हणाले भेट आलेलं, नोंद करायची राहिली, आणि त्यांनी आधी लाँगबुकात नोंद केली, पुस्तकाच्या १७ व्या पानावर आकडा टाकला आणि मग ते पान पुन्हा स्कॅन करून पाठवलं.

१० ऑगस्ट

एक कल्पना सुचली म्हणून करून बघितली. रजिस्टरचा तक्ता तयार आहेच, त्यातला शेरा रकाना चाळून ज्या नोंदींपुढे 'दिले' आणि कुणाचं तरी नाव, तारीख आहे पण 'परत' लिहिलेलं नाही त्या असिस्टंटकडून काढून घेतल्या. ६१ पुस्तकं. सगळ्यात जुनं १९७९ मधलं. प्रत्येक ओळ मूळ फोटोशी मी ताडली, तीन ठिकाणी त्याने 'परत' हा शब्द सोडला होता, काढल्यावर ५८.

यादी मोठ्या अक्षरात छापून पोस्टाने वाईला पाठवली.

१७ ऑगस्ट

अप्पांचा फोन. यादी घेऊन दुपारभर फोन करत बसतात म्हणे. काही माणसं गेली, काहींचे नंबर लागत नाहीत, एकाने ओळखलंच नाही. आतापर्यंत दोन पुस्तकं परत आली, एक साताऱ्याहून एका जुन्या विद्यार्थ्याने स्वतः आणून दिलं, तोही आता रिटायर झालाय. त्याच्या हाताने आतल्या पानावर पोरांच्या मार्कांची बेरीज केलेली आहे.

आज सकाळच्या चिठ्ठीत: आलेले २, लागले २. शेरा रकान्यात मी अजून 'परत' घातलेलं नाही, अप्पा म्हणाले ते आधी लाँगबुकात लिहितील.